ड्रोननं लाईन तपासायचीय? आधी खांब मोजायला शिका

लग्नाचं शूटिंग करणारी आमच्यासारखी बरीच पोरं आता लाईटच्या तारा तपासायच्या कामाकडं वळायलीत, आणि मला आठवड्यातनं एकदा तरी कोणतरी विचारतंयच की बाबा हे काम करायचं कसं, कुठला ड्रोन घेऊ, किती मिळतात. ड्रोन कुठला ते नंतर बघू. आधी माझ्या पहिल्या कामाची फजिती ऐका, म्हणजे पुढचं का सांगतोय ते कळेल.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला एक ११ केव्हीचा फीडर (सबस्टेशनपासनं वीज नेणारी लाईन) होता, साधारण सात किलोमीटर, पावसाच्या आधी बघून द्यायचा होता. दोन दिवस उडवलं, एकसे एक फोटो काढले, डिस्कवरची (तार धरणाऱ्या इन्सुलेटरच्या चकतीवरची) धूळ दिसंल एवढे क्लिअर. पेनड्राईव्ह घेऊन सेक्शन ऑफिसात गेलो. साहेबांनी तिसराच फोटो उघडला, त्यात पिन इन्सुलेटर (तार ज्यावर बसते तो चिनी मातीचा गट्टू) चिरलेला स्पष्ट दिसायलाता, आणि विचारलं, "कंब नंबर एष्टु री?" खांब कितवा? मी गप्प. पुढचा फोटो, फुटकी डिस्क, परत तोच प्रश्न. दीडशेच्या आसपास फोटो आणि एकाचाही खांब सांगता येईना. शेवटी लाईनमनसोबत मोटरसायकलवर बसून सगळी लाईन पायाखाली घातली तेव्हा पाच जागा सापडल्या, दोन शेवटपर्यंत सापडल्याच नाहीत. फोटो काढणं सोपं आहे हो, तो कुठल्या खांबाचा हे सांगणं हेच खरं काम.

म्हणून पहिली पायरी ड्रोन पेटीतच ठेवून. त्या भागाचा लाईनमन (आता त्यांना पॉवरमन म्हणायचं असतंय, पण गावात लाईनमनच) गाठा, त्याला चहा पाजा, आणि एका कागदावर फीडरचा नकाशा काढून घ्या. सबस्टेशनपासून सुरुवात, कुठं टॅपिंग (फाटा) निघालंय, कुठं जीओएस (लाईन तोडायचा खांबावरचा स्विच) आहे, कुठला टीसी (ट्रान्सफॉर्मर) कुणाच्या शेतात, कुठला खांब गेल्या पावसात झुकला. हे त्याला तोंडपाठ असतंय. "त्या चिंचेच्या अलीकडचा" असं सांगतोय तो, तुम्ही तसंच लिहून घ्या, नंतर नंबर लावा. खांबावर रंगानं लिहिलेले नंबर निम्मे पुसलेले असतात आणि उरलेल्यांवर कुणाच्या तरी क्लासची जाहिरात चिकटवलेली असतीय. मी स्वतःच टॅपिंगपासून १, २, ३ असे नंबर घालतो आणि लाईनमनकडनं खात्री करून घेतो. सरहद्दीवर काम करत असाल तर एक गंमत ध्यानात ठेवा, बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यानं बाचीपर्यंत ज्याला टीसी म्हणतात त्यालाच पुढं शिनोळीत डीपी म्हणतात, इकडचा जीओएस तिकडं एबी स्विच होतो. इकडं कर्नाटकची वीज कंपनी हेस्कॉम, तिकडं महाराष्ट्राची महावितरण. खांब शेजारी शेजारी दिसले तरी परवानगी वेगवेगळी, त्यामुळं "जरा पलीकडचं पण बघून घेतो" असलं काही करू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो कारण ह्यात कंटाळा केला की पोलीस स्टेशनची वारी ठरलेली. ड्रोन नियम २०२१ प्रमाणं २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. लाईनच्या कामाला लागणारे बहुतेक मायक्रो नाहीतर स्मॉल, म्हणजे नोंदणी नंबर पाहिजे, इन्शुरन्स पाहिजे, आणि पैसे घेऊन काम करताय म्हटल्यावर पायलट सर्टिफिकेट पण पाहिजे. त्याला दहावी पास, वय १८ ते ६५, मान्यता असलेल्या संस्थेत ट्रेनिंग, मग सर्टिफिकेट १० वर्षं चालतंय. २०२२ च्या फेब्रुवारीपासून परदेशी तयार ड्रोन आणायला बंदी आहे, त्यामुळं "दुबईवरून भाऊजींनी आणलाय" असला ड्रोन ह्या कामात आणू नका, टाईप सर्टिफिकेट (त्या मॉडेलला सरकारी मान्यता) असलेलाच घ्या. झोनचं, म्हणजे कुठं उडवायला मोकळीक आणि कुठं नाही हे, बघायचं तर सरकारच्या डिजिटल स्काय साईटच्या नकाशावर. ग्रीन म्हणजे मोकळीक. आपल्याकडं सांबऱ्याचं विमानतळ आहे, तिथंच एअरफोर्सचं ट्रेनिंग स्कूल आहे, शहरात मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर आहे, त्यामुळं बेळगावच्या आसपास अंदाजपंचे उडवणं म्हणजे आ बैल मुझे मार. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ग्रीन झोन असला तरी फक्त २०० फूट, म्हणजे ६० मीटर. बाकी ग्रीन झोनमध्ये ४०० फूट. खरं सांगायचं तर लाईनला ६० मीटरच्या वर जायची गरजच पडत नाही. ९ मीटरचा खांब दीड मीटर जमिनीत गाडलेला असतोय, वर उरला साडेसात मीटर, मग उंच जाऊन काय ढग तपासायचेत? भीमगड अभयारण्याकडची लाईन असली तर वनखात्याचं पत्र वेगळं, आणि लोंढा लाईनच्या रेल्वे क्रॉसिंगजवळ रेल्वेला विचारल्याशिवाय ड्रोन काढायचाच नाही. आणि हे सगळं असलं तरी लाईन ज्यांची त्यांचं लेखी पत्र खिशात पाहिजे.

कधी उडवायचं? खानापूर-जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात जून ते सप्टेंबर विसरा, तिकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, आणि पाऊस नसला की धुकं. दोन मोसम धरायचे. एक एप्रिल-मे, पावसाळ्याच्या आधी, फांद्या तोडायला आणि ढिली तार शोधायला. दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबर, पावसानं काय काय मोडलं ते बघायला. चिकोडी-अथणी-रायबागकडं उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी एक फेरी मारली पाहिजे, त्याचं कारण पुढं सांगतो. वेळ सकाळची. ऊन चढलं की वारं सुटतं आणि हातातला स्क्रीन पण दिसेनासा होतो.

आता उडवण्याबद्दल. तारेखाली उभं राहून कधीच टेक-ऑफ करायचं नाही. हे एवढं साधं आहे पण नव्या पोरांतले निम्मे इथंच चुकतात. सिग्नल गेला की ड्रोन रिटर्न-टू-होमला जातोय, आधी उंची घेतोय, मग सरळ तुमच्या डोक्यावर येतोय आणि उभा खाली उतरतोय. तुम्ही तारेखाली असाल तर तो तारेवरच उतरणार. लाईनपासून २०-२५ मीटर बाजूला मोकळी जागा बघा, आणि रिटर्नची उंची आसपासच्या सगळ्यात उंच टॉवर-झाडापेक्षा १५-२० मीटर जास्त ठेवा. ड्रोनच्या पुढच्या सेन्सरवर भरवसा ठेवू नका, त्याला भिंत दिसतीय, झाड दिसतंय, पण बोटाएवढी तार दिसत नाही. दोन तारांच्या मधनं, तारेखालनं असलं काही करायचं नाही, नेहमी लाईनच्या एका बाजूनं समांतर. ११ आणि ३३ केव्हीला मी पाच-सहा मीटरच्या आत जात नाही, ११० केव्हीच्या टॉवरला पंधरा. जवळचं बघायचं असलं तर झूम कशाला आहे? कंपासचं पण असंच. लोखंडी टॉवर आणि तारेतला करंट मिळून कंपास बिघडवतात, ड्रोन आपोआप गोल गोल फिरायला लागला, ज्याला आम्ही भूत लागलं म्हणतो, की घाबरून स्टिक ओढाताण करायची नाही, लाईनपासून लांबच्या दिशेला हळू सरकवायचा आणि मगच वर न्यायचा. ह्यासाठी जीपीएस बंद करून, नुसत्या हातानं उडवायची सवय आधीच मोकळ्या माळावर करून ठेवा, टॉवरजवळ शिकायची ती गोष्ट नाही. कंपास कॅलिब्रेट करताना बोनेटवर ठेवून करू नका, गाडी लोखंडाची आहे.

बॅटरीचं माझं गणित सोपं आहे. ३० टक्के राहिली की परत. मागं वारं असताना खुशीत लांब जाता आणि परत येताना तेच वारं समोरनं येतंय, तेव्हा कळतंय.

खांबागणिक काय करायचं ते आता. मी शाळेतली पाटी घेतो, खरीखुरी पाटी, खडूनं फीडरचं नाव, तारीख, आणि कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत हे लिहितो आणि प्रत्येक उड्डाणाचा पहिला फोटो त्या पाटीचा. हसतात लोकं, हसू द्या. त्यानंतर प्रत्येक खांबाचे चार फोटो ठरलेल्या क्रमानं, पूर्ण खांब पायापासून, मग वरचा भाग डावीकडनं, मग उजवीकडनं, मग पुढच्या खांबाकडं जाणारा गाळा (दोन खांबांमधली तार). क्रम मोडायचा नाही. मधेच कायतरी भारी दिसलं म्हणून सतरा फोटो काढलेत तर पुढची सगळी मोजणी घसरतीय. जादा फोटो पाहिजेच असला तर चार पूर्ण करून मग. फोटोत जीपीएस येतंय हे खरं, आणि गाळा ५०-६० मीटरचा असल्यामुळं बहुतेक वेळा त्यावरनं खांब ओळखता येतो, पण जिथं टॅपिंगला दोन-तीन खांब जवळ जवळ असतात किंवा दोन फीडर शेजारून जातात तिथं जीपीएस फसवतंय. आणि बिघाड जास्त नेमके तिथंच असतात.

बघायचं काय? पिन आणि डिस्कवर चीर, काळा डाग (फ्लॅशओव्हर झाल्याची खूण), पिन वाकडी, तार पिनवरनं सुटून क्रॉस आर्मवर (खांबावरच्या आडव्या लोखंडी पट्टीवर) टेकलेली, बाइंडिंग (तार पिनला बांधलेली वायर) सुटलेलं, झंपरचे (दोन तारा जोडणाऱ्या छोट्या तारेचे) पदर तुटलेले. तार एसीएसआर असतीय, मधे स्टीलचा गाभा आणि बाहेर ॲल्युमिनियमचे पदर, विझल, रॅबिट असली प्राण्यांची नावं त्याला, बाहेरचा एक पदर तुटून केसासारखा उभा राहिला तरी झूममध्ये दिसतोय आणि खालनं कधीच दिसत नाही. कावळ्याचं घरटं दिसलं तर त्यात काड्याच आहेत का तारेचे तुकडे ते बघा, बाइंडिंग वायरचे तुकडे गोळा करून घरटं बांधणारा कावळा म्हणजे एक फुल ट्रिपिंग, लाईन बंद. संक्रांतीनंतर मांजाचे गुंते. आणि बोल्टांमधनं गायब झालेली स्प्लिट पिन (बोल्ट निसटू नये म्हणून घालायची दुमडलेली पिन), ती फक्त बारीक बघणाऱ्यालाच दिसतीय, घाईवाल्याला नाही.

थर्मलवर (उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यावर) जरा जास्त बोलतो, कारण इथं सगळ्यात जास्त फसवणूक होते आणि ती कॅमेरा नाही, आपणच आपली करतो. ढिला जोड गरम होतो, थर्मलमध्ये पिवळा-पांढरा चमकतो, हे सगळ्यांना माहीत. पण उष्णता करंटच्या वर्गाच्या हिशोबानं वाढते, म्हणजे लोड निम्मा असला की जोड पाव एवढाच तापतो. लोड नसताना उडवलात तर सगळी लाईन निरोगी. आपल्याकडं शेतीच्या फीडरला थ्री फेज ठराविक तासच येतंय, पंपसेटवाल्यांना विचारा, त्यांना मिनिटासकट पाठ असतंय. त्या तासांतच थर्मल करायचं, आणि सुरू होऊन कमीत कमी अर्धा-पाऊण तास झाल्यावर, सगळ्या मोटरी चालू झाल्यावर. मी एकदा सिंगल फेज असताना पूर्ण फीडर बघून "सगळं ओके" लिहून दिलं आणि आठवड्यात एक झंपर जळाला. तेव्हापासनं रिपोर्टवर वेळ आणि सबस्टेशनमधनं घेतलेले फीडरचे अँपिअर दोन्ही लिहितो.

दुसरी फसवणूक, नवं चकचकीत ॲल्युमिनियम. ते आरशासारखं वागतंय, स्वतःची उष्णता फार दाखवत नाही, उलट वरच्या थंड आभाळाचं प्रतिबिंब दाखवतंय. म्हणून जोड खरोखर तापलेला असून थर्मलमध्ये गार दिसू शकतो, आणि उलट उन्हाची तिरीप पडली की गार जोड भाजल्यासारखा दिसतोय. उपाय एकच, एका आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, तुलना करायची. त्याच खांबावरचे तीन फेजचे सारखेच जोड बघा. आर फेज ३८, वाय ३९ आणि बी ७१ असं दिसलं तर बी मध्ये काहीतरी आहे. फरक १५ अंशांच्या वर गेला की तो तातडीच्या यादीत, चार-पाच अंशांचा असला तर पुढच्या फेरीला परत बघा. आणि शंका आली की ड्रोन जागा बदलून दुसऱ्या बाजूनं बघा, प्रतिबिंब असलं तर डाग सरकतो, खरा ताप असला तर जाग्यावरच राहतो. वारं जोरात असलं तर थर्मल पुढं ढकला, फुंकर मारून चहा गार होतो तसं जोड पण गार होतो.

झाडांचं आणि झोळाचं (तार मधे किती लोंबते त्याचं) एक देशी तंत्र सांगतो, महागड्या लायडरशिवाय (लेझरनं अंतर मोजायच्या यंत्राशिवाय). ड्रोन तारेच्या उंचीला आणायचा, बाजूला सुरक्षित अंतरावर, आणि कॅमेरा शून्य अंशावर, एकदम सरळ समोर. फ्रेमच्या मधोमध जी आडवी रेघ येते ती ड्रोनची उंची. जे झाड त्या रेघेच्या वर निघालंय ते तारेपेक्षा उंच, म्हणजे पडलं तर तारेवर. नीलगिरी, बांबू आणि रस्त्याकडेचा फणस, खानापूरकडं हे तिघे माझे जुने ओळखीचे. तसंच झोळ मोजायला तारेच्या सगळ्यात खालच्या जागेसमोर थांबून स्क्रीनवरची उंची वाचायची, फक्त टेक-ऑफची जागा आणि तारेखालची जागा एका पातळीत पाहिजे, नाहीतर शेताच्या बांधाचा फरक हिशोबात घ्या. मीटरभर इकडं-तिकडं होतंय, पण इशारा म्हणून पुरतंय. ११ केव्हीची तार रस्ता ओलांडताना कमीत कमी ६.१ मीटर वर पाहिजे, शेतातनं जाताना ४.६. चिकोडी-अथणीकडं उसाच्या हंगामाआधी बघा म्हटलं ते ह्यासाठी, उसाच्या डबल ट्रॉल्या मावत नाहीत तेवढ्या भरून ह्याच पाणंदीतनं जातात आणि झोळ पडलेली तार उसाला टेकली की ट्रॅक्टर, ऊस आणि माणूस तिन्ही गेलं. शेतातला पिकलेला ऊस पण दोन तारा वाऱ्यानं एकमेकीला घासल्या की त्याच ठिणगीनं पेटतो.

टॉवरवर आग्या मोहोळ असलं तर त्या टॉवरचा नाद सोडा. मी मस्करी करत नाही. प्रोपेलरच्या आवाजानं पोळं उठलं की माशा ड्रोनला सोडून खालच्या माणसाला आणि शेजारच्या शेतात भांगलायला बसलेल्या बायकांना धरतात. लांबनं झूमनं फोटो घ्या, रिपोर्टात लिहा, पुढं चला. घार मागं लागली तर तारांपासून लांब जाऊन सरळ वर चढा, घारीला उभं चढणं जड जातंय, थोड्या वेळानं नाद सोडते.

माणसांचं वेगळंच. हल्ली ड्रोन दिसला की गावात दोनच शंका, चोर आलेत किंवा रिंगरोडच्या मोजणीवाले आलेत, आणि दुसरी शंका पहिलीपेक्षा वाईट. हलगा-मच्छे बायपासच्या बाजूला तर विचारूच नका, शेतकऱ्यांनी जमिनीसाठी इतकी वर्षं भांडलंय, त्यांची शंका रास्तच आहे. आदल्या दिवशी पंचायतीत जाऊन सांगा, लाईनमनला सोबत ठेवा, आणि कोण विचारायला आलं तर स्क्रीन त्याच्या हातात द्या. एका आजोबांना मी त्यांच्या विहिरीवरच्या टीसीचा थर्मल दाखवला, त्यांनी विचारलं, "हितं लाल दिसतंय तर मोटर जळायची व्हय?" त्यांना जे कळलं ते ट्रेनिंगच्या वर्गात पण सगळ्यांना कळत नाही. कुणाचं घर-अंगण फ्रेममध्ये येत असलं तर कॅमेरा वळवा, गरज नाही त्याची.

ड्रोनला काय जमत नाही ते पण सांगायला पाहिजे. खांबाचा पाया कुजलाय का, स्टे (खांबाला आधार देणारी ताणाची तार) ढिला आहे का, अर्थिंगची तार चोरून नेलीय का, हे चालतच बघायला लागतंय, म्हणून खाली एक माणूस पाटी आणि वही घेऊन पाहिजेच. दुरुस्ती तर अजिबात तुमची नाही. मांजा काढायला ड्रोनला आकडी लावून लटकवणं, फांदी हलवून बघणं, असले व्हिडिओ बघून कोण प्रयोग करत असेल तर ओला मांजा आणि चालू लाईन ह्या दोन्हीला दया नसतीय. दुरुस्ती लाईनमन लाईन क्लिअर (लाईन बंद केल्याची परवानगी) घेऊन, तार जमिनीला जोडून, म्हणजे अर्थ करूनच करणार. ड्रोननं होणारं एक खरं मेंटेनन्सचं काम म्हणजे ओढा किंवा दरी पार करून नायलॉनची पातळ दोरी पलीकडं नेणं, मग त्या दोरीला जाड दोरी आणि मग तार, घाटात त्यानं दिवसभराचं काम तासावर येतंय, पण ते मेलेल्या लाईनवर, त्यांच्या इंजिनिअरच्या समोर, आणि ओझं सोडून देता येईल असा हूक असेल तरच.

संध्याकाळी घरी येऊन झोपायचं नाही, त्याच दिवशी फोटोंची नावं बदला. फीडर, खांब नंबर, फोटो नंबर, बस्स. मग तीन ढीग करा, आज सांगायचं, पावसाआधी करायचं, नजर ठेवायची. पहिल्या ढिगातलं असलं तर रिपोर्टची वाट न बघता तिथूनच फोन करा. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की तो बारीक होतो, जीपीएस जातंय आणि थर्मलमधलं तापमान पण जातंय, पाठवायचाच असला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रत्येक बिघाडापुढं लाईनमनच्या भाषेतली खूण पण लिहा, "खांब ४७, देवळामागचा, चिंचेअलीकडचा". ऑफिसात ४७ चालतंय, खांबावर चढणाऱ्याला चिंच लागते.

दुरुस्ती झाली की परत जायचं, त्याच खांबाला, त्याच बाजूनं, जमलं तर त्याच थ्री फेजच्या वेळेला, आणि तसाच फोटो घ्यायचा. आधीचा ७१ अंशांचा आणि नंतरचा ४० चा, दोन्ही शेजारी शेजारी एका पानावर लावायचे आणि खाली अँपिअर लिहायचे. बिलासोबत ते पान जोडा, साहेब आता खांब नंबर विचारत नाहीत, पुढचा फीडर कधी करताय ते विचारतात.